सह्याद्रीत मुक्कामाच्या जागा कुठल्या, ते एकदा जाहीर करा

प्रति,
राज्याच्या वन विभागाचे वन्यजीव आणि प्रादेशिक शाखांचे अधिकारी,
तसेच घाटमाथ्यावरच्या गावांच्या ग्रामसभा

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर उजाडला की पुणे, मुंबई, नाशिकहून दर शनिवारी माणसं पाठीला तंबू लावून सह्याद्रीत चढू लागतात. रात्र कुठं काढायची हे त्यांतल्या बऱ्याच जणांचं निघताना ठरलेलं नसतं. मोबाइलच्या नकाशावर कुणीतरी तंबूचं चिन्ह टाकलेलं असतं, नाहीतर एखाद्या व्हिडिओत कड्याच्या टोकाला केशरी तंबू दिसलेला असतो. तेवढ्या भरवशावर ते येतात. ती जागा अभयारण्याच्या आत आहे की कुणाच्या वरईच्या शेतात, फेब्रुवारीत तिथं पाणी असतं का, वरच्या कड्याला आग्या मोहोळ आहे का, यातलं काहीच त्या चिन्हावरून कळत नाही.

आम्ही या डोंगरांत वाटा दाखवतो, मुक्काम आखतो, नवख्यांना शिकवतो. आपल्याकडं आमचं मागणं एकच आहे. मुक्कामाच्या जागा ठरवा, त्यांची माणसं पेलण्याची ताकद मोजा आणि त्या सगळ्यांना दिसतील अशा जाहीर करा.

नियम स्पष्ट असला की लोक तो पाळतात, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून लाँचने वासोट्याला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की परवाना घ्यावा लागतो, गडावर मुक्काम नाही आणि संध्याकाळच्या आत लाँचवर परत यायचं आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं राहता येत नाही हे लोकांनी स्वीकारलं आहे, कारण ते आधीपासून आणि ठामपणे सांगितलं जातं. उरलेल्या डोंगरात मात्र ना मनाई स्पष्ट, ना परवानगी. मग रात्री आठ वाजता वनरक्षक येऊन तंबू काढायला लावतो. अंधारात, अनोळखी उतारावर, लहान मुलं सोबत असलेल्या माणसांनी त्या वेळी जायचं कुठं? आणि एवढं मोठं नियतक्षेत्र (बीट) एकट्यानं सांभाळणाऱ्या त्या वनरक्षकानं तरी दुसरं काय करायचं?

कायद्यात वाट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ ने अभयारण्यात शिरण्यावर बंधन घातलं आहे, पण कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी परवाना देता येतो त्यांत पर्यटनही आहे. राखीव वनाला भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ लागू होतं. २००६ च्या वन हक्क कायद्यानं ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, तिथं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडं आहे. किल्ला संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खातं आलं, आणि धरणाच्या काठाला जलसंपदा विभाग. मुक्कामाची जागा शोधणाऱ्या माणसाला जमिनीच्या तुकड्या-तुकड्यांवरचे हे वेगवेगळे धनी दिसत नाहीत. एका डोंगरावर तासभर चाललं की तो मालकी जमिनीतून गायरानात, तिथून राखीव वनात आणि पुढं अभयारण्यात जातो. मध्ये एखादा चुना लावलेला दगडांचा बुरूज सोडला तर हद्द कळायला काही नसतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर जंगल हिरव्या रंगात दिसतं खरं, पण तो रंग झाडीचा आहे, कायद्याच्या हद्दीचा नाही. जंगलाच्या प्रत्येक भागाला, म्हणजे कक्षाला, दिलेल्या क्रमांकांचा नकाशा आपल्याकडं आहे. तो लोकांपर्यंत आला तर निम्मा घोळ तिथंच मिटेल.

जागा निवडताना आम्ही काय पाहतो, ते सविस्तर लिहितो. आपली माणसं जागा ठरवायला निघाली की हे त्यांच्या कामी यावं.

आधी नकाशा. १:५०,००० वर १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि दोन समोच्च (सारखी उंची दाखवणाऱ्या) रेषांमध्ये २० मीटरचा फरक. रेषा विरळ दिसली की सपाटी समजायची, हे पुस्तकात ठीक आहे. २० मीटरच्या आत दहा-पंधरा मीटरचा खडक किंवा खळगा सहज लपतो, म्हणून नकाशावरून फक्त शक्यता काढायची आणि जागेवर जाऊनच ठरवायचं. उपग्रहाची चित्रं मार्च-एप्रिलची मिळाली तर फार उपयोगी पडतात. सगळं पिवळं पडलेलं असताना जो ठिपका हिरवा दिसतो, तिथं बहुधा पाण्याचा झरा असतो.

जागेवर पोचल्यावर नजर आधी वर टाकायची. वर कडा असेल तर पायथ्याशी ताजे, धारदार, शेवाळ न चढलेले दगड पडले आहेत का ते पाहायचं. असतील तर तिथं दगड येतात. कड्याला आग्या मोहोळाची काळी पोळी लटकलेली असतील तर खाली चूल पेटवणं म्हणजे संकटाला आमंत्रण, कारण धूर कड्याला धरून सरळ वर जातो. झाडाखाली तंबू लावायचा तर वाळका फाटा वर अडकलेला नाही ना, हे बघायचं. मग पायाखाली. पाण्याच्या वाटेत गवत एका दिशेला झोपलेलं असतं आणि काटक्या-पाचोळा झुडपांच्या बुंध्याला अडकलेला असतो. जमिनीपासून किती उंचीवर अडकला आहे ते पाहिलं की पाणी कुठवर चढतं ते कळतं. ओढ्यातली कोरडी, वाळूची सपाटी झोपायला मऊ असते, म्हणून नवखे तिथंच तंबू लावतात. सह्याद्रीचा कातळ पाणी मुरू देत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस वरच्या डोंगरावर पडतो आणि खाली आकाश कोरडं असताना ओढ्याला लोंढा येतो. सांधण दरीत हे फार घातक ठरतं, कारण दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आहेत आणि बाजूला व्हायला जागा नाही.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अडचण वेगळी आहे. कडा आतल्या बाजूला वाटीसारखा वळलेला असल्यानं वारा खालून वर उसळतो. संध्याकाळी शांत वाटलेली जागा मध्यरात्री तंबू उपटून काढते. कातळात खुंट्या जात नाहीत, मग दोऱ्या दगडांना बांधतात आणि ते दगड सरकतात. कड्याच्या धारेपासून निदान ५० मीटर आत, झुडपांच्या आडोशाला, दार वाऱ्याच्या उलट बाजूला करून तंबू लागला पाहिजे. ही रेषा दगडांवर रंगाचे ठिपके देऊन आखता येते. खर्च एका रंगाच्या डब्याचा.

आता पाण्याचं, कारण जागेची खरी ताकद पाण्यावर ठरते. दोन माणसांचा तंबू ताणाच्या दोऱ्या धरून साधारण ३ मीटर × ३ मीटर जागा घेतो. मध्ये चालायला वाट सोडली तर तंबूमागे १६ चौरस मीटर धरा. दहा तंबू म्हणजे दीड गुंठ्याच्या आसपास. एवढी सपाटी गडावर कुठंही मिळते, म्हणून लोक समजतात की शंभर माणसं सहज राहतील. पण शंभर माणसांना लागणारं पाणी कुठून येणार? पिणं, चहा आणि खिचडी मिळून एका माणसाला एका रात्रीला ५ लिटर लागतात, आणि यात भांडी घासणं धरलेलं नाही.

गडावरच्या एका खोदीव टाक्याचं उदाहरण घेऊ. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, म्हणजे वरचं क्षेत्र ६ चौरस मीटर. त्यातलं पाणी १ सेंटीमीटर उतरलं की ६० लिटर गेले, म्हणजे १२ माणसांची एक रात्र. समजा नोव्हेंबरअखेर टाक्यात वापरता येईल असं दीड मीटर पाणी आहे. ते झालं ९,००० लिटर. डिसेंबर ते मार्च पाऊस नाही. उघड्या टाक्यातून उन्हानं दिवसाला ४ मिलिमीटर उडतं असं धरलं तर चार महिन्यांत ४८ सेंटीमीटर, जवळपास २,९०० लिटर, कुणीही न पिता जातात. वानरं, गुरं, पाखरं यांच्यासाठी २,००० लिटर राखले तर उरतात ४,१००. डिसेंबर ते मार्च १७ शनिवार येतात, म्हणजे एका शनिवारला २४० लिटर. पाच-पाच लिटरनं भागलं की ४८ माणसं.

त्या टाक्याची ताकद ४८ माणसांची. शंभर-दीडशे जण राहू लागले तर पाणी फेब्रुवारीतच तळाला जातं. मग त्यात हिरवट चिखल उरतो, आणि त्याच पाण्यावर ज्यांची गुरं जगतात त्या पायथ्याच्या गावकऱ्यांना पार खालपर्यंत जावं लागतं. हे गणित प्रत्येक टाक्याचं वेगळं येईल. कुठं आतून झरा असतो, कुठं टाकं कपारीत असल्यानं ऊन लागत नाही. म्हणून प्रत्येक टाक्यात भिंतीवर सेंटीमीटरच्या खुणांची पट्टी रंगवा. शनिवारी दुपारी आणि सोमवारी सकाळी कुणीतरी आकडा वाचून वहीत लिहू दे. दोन हंगाम असं केलं की त्या जागेवर किती जणांना सोडायचं यावर वाद घालायचं कारणच राहणार नाही. आणि टाक्यात उतरून अंघोळ करणं, काठावर साबणानं भांडी घासणं हे सरळ दंडनीय करा. पाणी भांड्यानं काढून किमान ६० मीटर लांब नेऊन वापरायचं, हा नियम फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत हवा.

शौचाचा विषय बैठकांत नेहमी शेवटी येतो आणि वेळ संपली म्हणून राहतो. जिथं माती आहे तिथं १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर दूर, वरून माती, आणि कागद व पॅड पिशवीत घालून परत, एवढं पुरतं. पण सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, मातीच चार बोटं असते. कातळावर खड्डा होत नाही, उघड्यावर राहिलेलं सगळं पहिल्या पावसात थेट टाक्यात उतरतं. सड्यावरच्या जागेला एकतर कोरडं, कुजवणारं शौचालय हवं, ज्यात पाण्याऐवजी राख किंवा भुसा टाकतात, नाहीतर तिथं मुक्कामच नको. हाच सडा पावसाळ्यात फुलांनी भरतो. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा ठरला तेव्हा आपल्या राज्यातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही ठिकाणं त्यात आली. बरीचशी पावसाळी फुलं पावसाळ्याच्या काही महिन्यांतच उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. त्यांचं बी उरलेलं वर्ष त्या चार बोटं मातीत पडून असतं. दर आठवड्याला त्याच जागी तंबू पडला की माती सिमेंटसारखी घट्ट होते आणि पुढच्या पावसात तिथं टक्कल दिसतं.

शेकोटीबद्दल आमचं मत ठाम आहे आणि आमच्यातलेच काही जण त्यावर नाराज होतील. अभयारण्यात, सड्यावर, गुहेत आणि गवताच्या माळावर शेकोटी अजिबात नको. वन्यजीव कायद्याचं कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला आणि पेटती सोडायला मनाई करतं, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तर आपलाच जाहीर आगीचा हंगाम. तापलेला कातळ पापुद्र्यानं फुटतो, गुहेचं छत काजळतं, आणि वीस माणसांच्या एका रात्रीच्या उबेसाठी आसपासचं सगळं वाळकं लाकूड संपतं. ते लाकूड पायथ्याच्या बाईच्या डोक्यावरच्या मोळीतलं असतं. स्वयंपाकाला गॅसची छोटी शेगडी पुरते. २३० ग्रॅमच्या एका डब्यावर साधारण १० ते १२ लिटर पाणी उकळतं, म्हणजे चार जणांचा रात्रीचा आणि सकाळचा चहा-स्वयंपाक निवांत होतो. फक्त ती शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं थंडीसाठी बंद तंबूत ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. हे वाक्य प्रत्येक परवान्यावर छापा.

आमच्या मते मुक्कामाच्या बहुतेक जागा गडावर नकोतच, पायथ्याला हव्यात. कळसूबाईखाली बारी, हरिश्चंद्रगडाखाली पाचनई, रतनगडाखाली रतनवाडी, सांधणजवळ साम्रद, शिवाय कुमशेत, आंबित, घाटघर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं आणि या गावांच्या भोवती कायद्याची चौकट आली. शेतं मात्र महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचीच आहेत. भात निघाल्यावर नोव्हेंबरनंतर खाचरं रिकामी होतात. ती सपाट असतात, बांधांमुळे वारा अडतो, विहीर जवळ असते आणि सातबारा कुणाच्या नावावर आहे ते गावात कुणीही सांगतं. एक काळजी घ्यावी लागते, कापलेल्या भाताची धसकटं तंबूच्या तळाला भोकं पाडतात. वर पेंढा अंथरून त्यावर जाड ताडपत्री घातली की भागतं. त्याहून चांगली जागा म्हणजे शेणानं सारवलेलं खळं, कोरडं आणि एका पातळीत. झोडणी संपेपर्यंत, म्हणजे डिसेंबर सरेपर्यंत, ते मागायचं नाही, एवढं मात्र येणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं. उन्हाळ्यात त्याच शेतांत राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात. राबाच्या जाळाच्या खालच्या वाऱ्याला नायलॉनचा तंबू नको, ठिणगी पडली की तो वितळून अंगावर येतो. गावच्या देवराईत मुक्काम करायचा नाही, हे तर गाव पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलंच आहे, येणाऱ्यांसाठी ते फक्त फलकावर आणायचं आहे.

ग्रामसभांना एक विनंती. दर ठरवताना माणशी दर ठरवा, तंबूवर नको. तंबूवर दर लावला की एकात चौघं कोंबली जातात. त्यातला काही भाग शौचालय, टाक्याची सफाई आणि मोजणी करणाऱ्याच्या मानधनासाठी वेगळा काढून ठेवा.

धरणाच्या काठाला आता सगळ्यात जास्त गर्दी असते. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्या जलाशयाच्या काठावर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जी सपाटी उघडी पडते, ती वर भेगाळलेली आणि खाली ओली असते. गाडी रुतते, खुंटी धरत नाही. पूर्ण संचय पातळीच्या खुणा ठळक करून त्यांच्या खाली तंबूला मनाई असावी. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजव्यांसाठी तिथं रात्रभर गाड्या फिरतात. काजवा चमकतो तो जोडीदारासाठी, हेडलाइटच्या झोतात त्याला जोडीदार दिसत नाही. त्या तीन आठवड्यांत झाडांजवळचे मुक्काम बंद ठेवून सगळ्यांना गावातल्या अंगणात उतरवा, आणि पाहायला चालत, विजेरीला लाल कागद लावून नेऊ द्या.

दक्षिणेला नियम थोडे बदलावे लागतील. दोडामार्गच्या जंगलात आणि पलीकडं गोव्याच्या सत्तरीत गेल्या दहा वर्षांत माकडताप आढळला आहे. तो गोचिडींमधून येतो आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो. तिथं पाचोळ्यावर बसणं-झोपणं टाळायचं, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवायचं, हे मुक्कामाच्या परवान्यासोबतच सांगावं.

जाहीर करायची माहिती फार मोठी नाही. जागेचं गावातलं नाव, कक्ष किंवा गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, जमीन कुणाची आणि परवानगी कोण देतं, किती माणसं, कुठले महिने बंद, पाणी कुठं आणि शेवटचं कधी मोजलं, मोबाइलला रेंज कुठल्या दगडावर येते, गाडीचा रस्ता किती लांब. आणि सर्पदंशावरची लस ठेवणारं जवळचं रुग्णालय कुठलं. या शेवटच्या ओळीला कमी लेखू नका. फुरसं दगडांच्या फटीत असतं, घोणस गवतात आणि मण्यार रात्री अंथरुणात शिरते. चावलेल्या माणसाला आधी लस नसलेल्या दवाखान्यात आणि मग दुसरीकडं नेण्यात जो वेळ जातो, त्यातच जीव जातो. १०८ ला फोन करणाऱ्याला आपण कुठं आहोत हे सांगता आलं पाहिजे, म्हणून प्रत्येक जागेला एक ठळक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक १०८ च्या आणि वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकाच्या नोंदीत असू द्या. जागा बंद झाली तर ती यादीतून काढून टाकू नका, ‘बंद’ म्हणून दाखवत राहा. नाहीतर जुन्या चिन्हांवर विसंबून लोक येतच राहतील.

एकदम सगळ्या सह्याद्रीला हात घालायची गरज नाही. वर सांगितलेल्या सात गावांपासून सुरुवात करा. ऑक्टोबरात, गवत उभं असतानाच, वनरक्षक, ग्रामसभेची दोन माणसं आणि आमच्यातला एक जण अशा टोळीनं जागा फिरून पाहाव्यात, म्हणजे पाण्याच्या वाटा अजून ओल्या सापडतात. ३० नोव्हेंबरला टाक्यांची पहिली मोजणी करू. टेप, शिडी, रंग आणि वह्या आम्ही घेऊन येतो. आपल्याकडून कक्षांचा नकाशा आणि आत जाण्याचं परवानगीपत्र तेवढं हवं आहे.

आपले,
सह्याद्रीत वाटा दाखवणारे आणि मुक्काम आखणारे आम्ही काही जण